कुत्र्याची लूत, खुराड्यातले कोळी आणि सुगंधी तेले

(भाषणाचा पाठ)



मिरचीचा शेंडा चुरडला, पानं वाटीसारखी वळली की तुम्ही पान उलटं करून पाहता. हा कोळी आहे, हे तुम्हाला कोणी सांगावं लागत नाही. याच कोळ्याची भावंडं आपल्या घरात, कोंबड्यांच्या खुराड्यात आणि राखणीच्या कुत्र्याच्या कातडीतही राहतात. पिकावरच्या कोळ्याकडे आपण लक्ष देतो, पण कुत्रं दिवसभर खाजवत बसलं तर "लूत लागलीय, जाईल आपोआप" म्हणून सोडून देतो. आज या घरातल्या कोळ्यांविषयी आणि त्यांच्यावर वापरायच्या तेलांविषयी बोलायचं आहे.

हा विषय घेण्याचं कारण सांगतो. गावोगाव फिरताना मला दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे फवारणीतून उरलेलं कपाशीचं किंवा भाजीचं औषध पाण्यात कालवून कुत्र्याला, शेळीला आंघोळ घालणं. एका वस्तीवर असंच झालं. सकाळी आंघोळ घातली, दुपारी कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, अंग थरथरू लागलं आणि दिवस मावळायच्या आत ते गेलं. त्याच कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून घरची दोन लेकरं खेळत होती. ती बचावली हे नशीब. दुसरा प्रकार अलीकडचा आहे. बाजारात निलगिरीचं, गवती चहाचं, लवंगेचं तेल छोट्या बाटल्यांतून मिळतं. झाडपाल्याचं आहे, त्याने काय अपाय होणार, असं म्हणून ते नुसतंच जनावराच्या अंगाला चोळतात. हाही धोक्याचाच मार्ग. तंबाखू झाडाचीच असते आणि सीताफळाचं बीही झाडाचंच असतं. पण तंबाखूचा काढा पोटात गेला तर जीव जातो आणि सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. तेव्हा झाडाचं म्हणजे निर्धोक, हा समज आधी मनातून काढून टाकावा.

शत्रू कोण, ते आधी ओळखा

कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, मोठ्या कोळ्याला आठ. विंचू, गोचीड आणि हा कोळी एकाच मोठ्या कुळातले. गोचीड डोळ्याला दिसते, कोळी मात्र इतका बारीक की बहुतेक वेळा त्याने केलेलं नुकसानच तेवढं दिसतं. आपल्या घराशी त्याचा संबंध तीन ठिकाणी येतो.

पहिला, लुतीचा कोळी. हा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. त्याची मादी कातडीत बोगदा करते आणि त्यात रोज दोन-तीन अंडी घालते. तीन ते पाच दिवसांत अंडी फुटतात आणि दोन-तीन आठवड्यांत पुढची पिढी तयार होते. कुत्र्याच्या कानाच्या कडा, कोपरं, मागच्या पायांचे सांधे आणि पोट इथून सुरुवात होते. केस झडतात, खपल्या धरतात आणि खाज इतकी की कुत्रं रात्रभर झोपत नाही. एक सोपी परीक्षा आहे. कुत्र्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळा. लूत असेल तर बहुधा त्याचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागतो.

दुसरा, खुराड्यातला तांबडा कोळी. हा चोर आहे. दिवसा लाकडाच्या फटीत, दांडीच्या खाली, घाणीच्या पापुद्र्यात लपतो आणि रात्री कोंबडीवर चढून रक्त पितो. म्हणून दिवसा कोंबडी तपासली तर काहीच सापडत नाही. कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जायला तयार नसतात, तुरे फिके पडतात, अंडी कमी होतात, खुडूक कोंबडी अंडी टाकून उठते, तेव्हा संशय घ्यावा. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या खालची बाजू पाहा, नाहीतर पांढरं फडकं फटीवरून फिरवा. फडक्यावर तांबडे डाग उठले की चोर सापडला. खायला काही न मिळता हा कोळी महिनोन्‌महिने जगतो. त्यामुळे कोंबड्या विकून खुराडं दोन महिने रिकामं ठेवलं तरी तो मरेलच असं नाही.

तिसरा, अंथरुणातला धुळीचा कोळी. हा चावत नाही, रक्तही पीत नाही. आपल्या अंगाच्या कातडीचा जो कोंडा गादीत, उशीत पडतो त्यावर तो जगतो. पण त्याच्या विष्ठेची धूळ नाकात गेली की काही माणसांना सकाळी उठल्याबरोबर शिंका येतात, नाक वाहतं, आणि दम्याच्या माणसाचा दमा वाढतो.

तेलाचे दोन प्रकार

आता तेलाकडे वळू. तेलं दोन जातींची असतात आणि हा फरक ज्याला कळला त्याला अर्धं काम साधलं.

एक उडणारं तेल. निलगिरी, गवती चहा, लवंग, तुळस यांची पानं किंवा कळ्या वाफेवर उकळून ते काढतात. याला सुगंधी तेल म्हणतात. कागदावर थेंब टाकला तर काही वेळाने डाग उडून जातो, वास तेवढा राहतो. हे तेल फार तीव्र असतं. निलगिरीतलं सिनिओल, गवती चहातलं सिट्रल आणि लवंगेतलं युजेनॉल ही द्रव्यं कोळ्याला मारतात, हे प्रयोगशाळांतून पुष्कळदा दिसून आलेलं आहे.

दुसरं बसणारं तेल. निंबोळीचं तेल, करंजाचं तेल, खोबरेल. ही घाण्यावर काढतात, कागदावर त्यांचा डाग तसाच राहतो. निंबोळी आणि करंज तेल कोळ्याच्या अंगाला चिकटून त्याचा श्वास कोंडतं. शिवाय त्यातल्या कडू द्रव्यांनी त्याचं खाणं आणि वाढ मंदावते. पिकावर ५ टक्के निंबोळी अर्क आपण याच कारणासाठी फवारतो.

यावरून एक साधा नियम बांधून घ्या. उडणारं तेल वस्तूंसाठी, म्हणजे लाकूड, दांडी, कपडे यांसाठी. बसणारं तेल अंगासाठी, आणि तेही पातळ करून.

तुम्ही विचाराल, एवढं तीव्र तेल असताना अंगाला का लावायचं नाही? कोळी मारायला जेवढं तेल लागतं आणि कातडी भाजायला जेवढं लागतं, त्यात फार अंतर नाही. कुत्रं स्वतःला चाटतं, म्हणजे अंगाचं तेल पोटात जातं. जास्त तीव्र तेलाने कुत्र्याच्या पायातली शक्ती जाते, ते लडखडतं, कापायला लागतं. मांजराची गोष्ट तर आणखी वेगळी. असली द्रव्यं पचवून बाहेर टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फार थोडी असते. म्हणून मांजराच्या अंगाला कोणतंही सुगंधी तेल लावू नये, एक थेंबसुद्धा नको.

खुराड्याचा बंदोबस्त

सुगंधी तेलाचा खरा उपयोग इथे आहे. कामाचा क्रम असा ठेवा.

सकाळी कोंबड्या बाहेर सोडा. खुराड्यातली सगळी घाण, जुना भुस्सा, पेंढा काढून घरापासून दूर जाळा. दांड्या मोकळ्या करा. तारेच्या ब्रशने फटी खरवडा. हे काम न करता वरून तेल मारलं तर घाणीच्या पापुद्र्याखाली कोळी सुखरूप राहतो आणि तेलाचे पैसे वाया जातात.

मग द्रावण करा. १ लिटर पाणी, २० मिलिलिटर निंबोळी तेल, १० मिलिलिटर निलगिरी किंवा गवती चहाचं तेल आणि एक चमचा पातळ साबण. पातळ साबण नसेल तर कपडे धुण्याचा साबण किसून घ्या. आधी साबण थोड्या कोमट पाण्यात विरघळवा, त्यात तेल घालून चांगलं घुसळा, पाणी दुधासारखं पांढरं झालं की उरलेलं पाणी ओता. साबणाशिवाय तेल पाण्यावर तरंगत राहतं, मग एका फटीत नुसतं पाणी जातं आणि दुसऱ्या फटीत नुसतं तेल. माप अंदाजाने घेऊ नका. औषधाच्या दुकानात सुई नसलेली पिचकारी मिळते, तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात. ती याच कामासाठी वेगळी ठेवा.

हे द्रावण फटी, सांधे, दांडीची खालची बाजू आणि छपराचे वासे यांवर ओथंबेपर्यंत मारा. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. दिवसभर खुराडं उघडं राहू द्या. पूर्ण वाळल्याशिवाय आणि उग्र वास गेल्याशिवाय कोंबड्या आत घेऊ नका, कारण बंद जागेत त्या वासाचा त्यांच्या श्वासाला त्रास होतो. फवारणीच्या पंपाने हे काम करू नका. पंपात जुन्या औषधाचा अंश राहिलेला असतो. त्यासाठी साधा हातफवारा वेगळा ठेवावा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. एकदा मारून भागत नाही. तेलाने समोर सापडलेला कोळी मरतो, पण अंडी बहुतेक वाचतात. आणि सुगंधी तेल तर काही तासांतच उडून जातं. उन्हाळ्यात या कोळ्याची नवी पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. म्हणून पाच-पाच दिवसांच्या अंतराने तीन वेळा मारावं. पहिल्या दिवशी मोठे मरतात, दुसऱ्या वेळी अंड्यांतून निघालेली पिल्लं आणि तिसऱ्या वेळी उरलेसुरले. दोनदा मारून "कमी झालं" म्हणून थांबाल तर महिन्याभरात पहिल्यासारखं होईल. शेवटी भिंतींना आणि फटींना दाट चुना भरून घ्या. कोंबड्यांना अंग घुसळायला कोरडी राख आणि माती यांचा खड्डा करून द्या. कोंबडी त्यात लोळते ती खेळ म्हणून नव्हे, तो तिचा अंग साफ करण्याचा मार्ग आहे.

कुत्र्याची लूत

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. अंगभर पसरलेली लूत निव्वळ तेलाने बरी होत नाही. कोळी कातडीच्या आत आहे, वरून लावलेलं तेल तिथवर पुरेसं पोचत नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडे यावर खात्रीची औषधं आहेत. आयव्हरमेक्टिन हे त्यांपैकी एक. जपानच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून ते तयार झालं आणि त्या शोधाबद्दल ओमुरा आणि कॅम्पबेल या शास्त्रज्ञांना २०१५ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पण तेही वजन पाहूनच द्यावं लागतं. कॉली जातीच्या आणि तिच्याशी संबंध असलेल्या काही कुत्र्यांना ते बाधतं. म्हणून गुरांसाठी आणलेलं इंजेक्शन घरच्या घरी कुत्र्याला टोचू नका. आता कुत्र्यांना खाऊ घालायच्या गोळ्याही निघाल्या आहेत. कोणतं औषध द्यायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या. मी शेतीचा माणूस, डॉक्टर नव्हे. त्यांची जागा या भाषणाने भरून निघणार नाही.

मग तेलाचं काम काय? लूत थोडी असेल, नुकतीच कानाच्या कडेला दिसू लागली असेल, किंवा डॉक्टरांचं औषध चालू असताना खपल्या मऊ करायच्या असतील, तर तेलाची मदत होते. डॉक्टरांचं औषध चालू असेल तर तेलाबद्दल त्यांना विचारून घ्या. ९० मिलिलिटर खोबरेल आणि १० मिलिलिटर निंबोळी किंवा करंज तेल एकत्र करा. यापेक्षा कडक करू नका. आधी रुपयाएवढ्या जागेवर लावून एक दिवस पाहा. जागा लाल झाली, सुजली तर पुढे लावू नका. ठीक असेल तर त्या भागाचे केस कातरा, साबणाच्या पाण्याने खपल्या हळूहळू मऊ करून काढा, कोरडं करा आणि मग तेल लावा. तीन-चार तास कुत्र्याला बांधून ठेवा म्हणजे ते चाटणार नाही, नंतर धुऊन काढा. आठ-आठ दिवसांनी चार वेळा करा. हाताला प्लॅस्टिकची पिशवी किंवा हातमोजा घाला. तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू, गाभण किंवा पाजणारी कुत्री आणि जखमा झालेलं अंग यांना हे लावू नये.

कुत्रं जिथे झोपतं ते पोतं जाळून टाका किंवा उकळत्या पाण्यात घाला. जागा झाडून उन्हं येऊ द्या. अंगावरून सुटलेला लुतीचा कोळी काही दिवस जगतो, तेव्हा अंग बरं झालं पण पोतं तेच राहिलं तर दुखणं परत येतं. घरातली सगळी कुत्री एकाच वेळी तपासून घ्या.

तेलात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा अशी लक्षणं सांगतो. केस जातात पण खाज फारशी नाही, विशेषतः लहान वयाच्या कुत्र्याच्या डोळ्यांभोवती आणि ओठांजवळ, तर तो केसांच्या मुळाशी राहणारा वेगळाच कोळी असतो. कानातून चहाच्या चोथ्यासारखा काळा मळ येतो आणि कुत्रं किंवा मांजर सारखं डोकं झटकतं, तर तो कानातला कोळी. कानात कोणतंही तेल ओतू नका. अंगावर गोल चट्टे पडले तर तो कदाचित नायटा असेल, कोळी नव्हे. डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तेव्हाच नक्की काय ते कळतं. आणि कुत्र्याला गोचिडी लागून ताप आला, त्याने खाणं सोडलं, हिरड्या फिक्या पडल्या, तर एक दिवसही थांबू नका. आपल्या राज्यात १९६२ या क्रमांकावर फोन केला तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते.

आणि माणसांचं काय? कुत्र्याच्या लुतीचा कोळी माणसाला चावतो, पुरळ उठतो, पण तो माणसाच्या अंगात पिढ्या वाढवत नाही. कुत्रं बरं झालं की पुरळही जातो. मात्र बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला रात्रीची खाज घरातल्या दोघा-तिघांना सुरू झाली असेल तर ती माणसाचीच खरूज. तिला प्राथमिक आरोग्य केंद्रातून मलम आणून सांगतील तसं घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावावं लागतं. एकाने आज, दुसऱ्याने आठवड्याने असं केलं तर खरूज घरातल्या घरात फिरत राहते.

अंथरूण-पांघरूण

धुळीच्या कोळ्याला ऊन सोसत नाही. त्याला दमट गारवा लागतो. गोधड्या, उशा, गाद्या कडक उन्हात टाकून दोन्ही बाजू तापू द्या आणि मग काठीने झोडपा. झोडपण्याचं काम दमेकऱ्याने करू नये. चादरी, अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवा. पाणी हाताला सोसवत नाही इतकं तापलेलं असावं, काम काठीने करावं.

पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा निलगिरी तेल कामाला येतं. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की कपडे धुण्याच्या साबणाबरोबर निलगिरी तेल मिसळून त्या पाण्यात पांघरुणं अर्धा तास भिजवली तर बहुतेक कोळी साध्या पाण्यातही मरतात. प्रमाण दर लिटर पाण्याला सुमारे ४ मिलिलिटर. म्हणजे १० लिटरच्या बादलीला ४० मिलिलिटर तेल झालं, आणि ते स्वस्त नाही. म्हणून घरात दमेकरी असेल तर त्याच्यापुरती चादर आणि अभ्रा असा धुवावा, बाकीच्यांसाठी ऊन उघडेल तेव्हा ऊन. कपडे मग साध्या पाण्यातून दोनदा काढा. कोणाला निलगिरीच्या वासानेच खोकला येत असेल तर हा उपाय सोडून द्यावा.

सांभाळण्याच्या गोष्टी

तेलाच्या बाटल्या औषधाइतक्याच जपून, मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी कुलपात ठेवा. निलगिरी तेल किंवा कापूर मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. निंबोळी तेलही तान्ह्या बाळाला कधी पाजू नये, त्याने बाळं दगावलेली आहेत. चुकून पोटात गेलंच तर उलटी करवण्याच्या खटपटीत न पडता बाटलीसह दवाखान्यात न्या. सुगंधी तेल पेट घेतं, तेव्हा द्रावण चुलीजवळ करू नका.

पिकावरचं औषध जनावराच्या अंगावर, खुराड्यात किंवा अंथरुणात कधीही वापरू नका. पूर्वी घरोघर बीएचसीची पावडर टाकत. १९९७ साली तिच्यावर आपल्या देशात बंदी आली. कुठल्या कोनाड्यात जुना डबा सापडलाच तर तो उघडू नका, मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि कृषी खात्याच्या माणसाला विचारा. जळकं इंजिन ऑईल आणि रॉकेल हेही लुतीवरचं औषध नव्हे. त्याने कातडी भाजते आणि जनावर चाटून आजारी पडतं.

बंधू-भगिनींनो, तेल हे हत्यार आहे. पण खुरपं कितीही धारदार असलं तरी एकदा खुरपून रान कायमचं स्वच्छ राहतं का? इथेही तसंच आहे. आधी झाडलोट आणि ऊन, मग मापाने तेल, आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा तेल. येत्या एखाद्या रात्री जेवण झाल्यावर बॅटरी आणि पांढरं फडकं घेऊन खुराड्यात एक चक्कर टाका. काही सापडलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागा, आणि पुढच्या दोन तारखा दिनदर्शिकेवर तेव्हाच लिहून ठेवा.